खाडी ते खाडी : मांडवा ते रत्नागिरी, गावागावांतून सायकलवर दहा दिवस

कोकणात सायकलवर जायचं ठरवलं की बहुतेक जण पहिली चूक घरी बसूनच करतात. नकाशावर किलोमीटर मोजतात, रोज ८० धरतात आणि चार दिवसांत रत्नागिरी असा हिशेब मांडतात. पहिल्या खेपेला मीही तसाच निघालो होतो. दुसऱ्या संध्याकाळी एका जेटीवर पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडच्या काठाला लागत होती. पायात गोळे आले होते आणि दिवसभरात मागे टाकलेल्या गावांपैकी एकाचंही नाव धड आठवत नव्हतं. जेटीवरच्या टपरीच्या काकूंनी घरच्या पडवीत चटई टाकून दिली, म्हणून रात्र निघाली. त्या रात्री त्यांच्याकडूनच कळलं की इथे अंतर खाड्यांवर मोजायचं असतं.

कारण जमिनीची घडणच तशी आहे. गावं खाडीच्या तोंडाशी किंवा पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूला लागून, नारळी-पोफळीच्या आगरांत. मागे जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार. रस्ता गावातून सड्यावर चढतो, वर थोडा सपाट पळतो आणि पुढच्या खाडीत उतरतो. मांडवा ते रत्नागिरी या टप्प्यात मोठ्या खाड्या सात: रेवदंड्याची कुंडलिका, राजपुरीची खाडी, बाणकोटची सावित्री, केळशीची भारजा, आंजर्ल्याची जोग नदी, दाभोळची वाशिष्ठी आणि जयगडची शास्त्री. प्रत्येकीचा एक उतार आणि एक चढ. सामान लादलेल्या सायकलवर ४० किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस धरा. चढ कमी असतील त्या दिवशी ५०. गावात थांबायला, कुणाच्या ओट्यावर बसायला वेळ उरतो तो एवढंच अंतर ठेवलं तर.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरात भातकापणी चालू असते, बघायला सुंदर, पण ऊन भाजून काढतं. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो आणि सड्यावर सावलीचं झाड सापडत नाही. शिमग्याला मात्र मार्च असला तरी जावं, पालखी गावात फिरत असताना कोकण पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. फक्त त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात आणि राहायला जागा मिळणं अवघड जातं, तेव्हा आधी फोन करून ठेवा. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळाच. अलिबाग, काशीद, गणपतीपुळे इथे गाड्यांची रांग लागते आणि अरुंद रस्त्यावर सायकलला जागाच उरत नाही.

पावसाळ्यात हा मार्ग करू नका. शेवाळलेल्या उतारावर ब्रेक लागत नाहीत आणि खाडीतल्या बोटींचाही भरवसा नसतो.

सायकल

महागडी सायकल लागत नाही. लागतो तो हलका गिअर. पुढच्या सर्वांत लहान चक्रीला मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीपेक्षा कमी दाते असावेत, म्हणजे सामानासकट चढ बसून चढता येतो. पुढे एकच मोठी चक्री असलेल्या शर्यतीच्या सायकलवर दाभोळनंतर तुम्ही चालतच असाल. टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे घ्या, कारण गावातले आतले रस्ते कुठे खडीचे तर कुठे लाल मातीचे असतात.

निघण्याआधी आठवडाभर सामान लादून घराजवळच्या एखाद्या पुलावर किंवा टेकडीवर चार-पाच फेऱ्या मारा. कॅरिअरचा स्क्रू ढिला असेल, पिशवी टाचेला लागत असेल तर ते तिथेच कळतं. मागच्या चाकाचे आरे दुकानात तपासून घ्या, चाक वाकडं फिरत असेल तर सरळ करून घ्या. सामानाचा सगळा भार त्याच चाकावर येतो. ब्रेक पॅड अर्धे झिजले असतील तर नवे टाका. उतार इतके आहेत की मी एका फेरीत नवी जोडी निम्म्याहून जास्त घासलेली पाहिली आहे.

सामान दहा किलोच्या आत ठेवा: दोन जोड कपडे, एक पंचा, पातळ चादर, डास पळवायचं मलम, पुढचा-मागचा दिवा, दोन लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या. पाठीवर सॅक घेऊ नका, दमट हवेत पाठ सोलवटते. रोख पैसे सुट्ट्यांसह ठेवा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण खाडीत उतरलं की रेंज जाते.

मार्ग, दिवसागणिक

पहिला दिवस. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट, म्हणजे गाड्या चढवता येणारी मोठी बोट, सुटते. २०२० साली ती सुरू झाल्यापासून सायकलवाल्यांची मोठी सोय झाली. तासाभरात तुम्ही पलीकडे आणि मुंबईची वाहतूक मागे. सकाळची पहिली बोट धरा. मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर, तिथून नागाव, चौल करत रेवदंडा आणखी १७ च्या आसपास. अलिबाग घाईने मागे टाका, चौल-रेवदंड्याला वेळ द्या. आगरांमधून जाणारा तो रस्ता सायकलसाठीच केला असावा इतका सावलीचा आहे.

रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला मुक्काम करा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे थांबा. किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. मी पाणी मागायला एका दारात थांबलो होतो. आजी माझ्याशी मराठीत बोलत होत्या, आणि तांब्या आणायला आत नातवाला हाक मारली ती त्या भाषेत. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. गाडीने जाणाऱ्याला कोर्लई म्हणजे फक्त डोंगरावरचा किल्ला दिसतो.

दुसरा दिवस काशीदवरून मुरूडपर्यंत, जेमतेम ३० किलोमीटर, पण मध्ये चढ आहेत. तिसऱ्या दिवशी मुरूडहून आगरदांडा गाठा आणि जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या सपाट बोटीने, दिघीला उतरा. जंजिरा पाहायचा असेल तर तो मुरूडच्या मुक्कामातच सकाळी उरकून घ्या. दिघीहून चढून बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर. चौथ्या दिवशी समुद्राकडेने श्रीवर्धन आणि पुढे हरिहरेश्वर. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव आणि तिथली रोठा सुपारी नावाजलेली. हिवाळ्यात अंगणाअंगणांत सुपारी वाळत घातलेली दिसेल.

पाचवा दिवस मुद्दाम छोटा ठेवा. हरिहरेश्वरहून बागमांडला, जंगलजेटीने वेशवी, बाणकोट, आणि पुढे वेळास. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पण आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथल्या पुळणीवर अंडी घालतात, गावकरी ती कुंपणात सांभाळतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. या गावात मोठी हॉटेलं नाहीत, गावकऱ्यांच्या घरातच राहायचं आणि जेवायचं. माझ्या मते सगळ्या मार्गावरचा हा सर्वांत चांगला मुक्काम आहे, जमलं तर दोन रात्री राहा.

सहावा दिवस वेळासहून केळशीमार्गे आंजर्ले. चढ-उतार भरपूर, पहाटे निघा. सातव्या दिवशी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाऊन हर्णै, आणि तिथून मुरूड, कर्दे, लाडघर. इथे एक सावधगिरी. हे मुरूड दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. तुम्ही दुसऱ्या रात्री राहिलात ते मुरूड-जंजिरा. रस्ता विचारताना किंवा फोनवर खोली ठरवताना 'मुरूड' एवढंच म्हणू नका. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तो पाहायचा असेल तर सातवा दिवस दोन दिवसांत तोडा आणि दापोलीला वर चढू नका. दापोली सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे. काही सामान घ्यायचं असेल किंवा सायकल दुकानात दाखवायची असेल तरच तो चढ घ्या.

आठव्या दिवशी बुरोंडीकडून दाभोळ. दाभोळचा उतार बंदरात संपतो आणि समोर वाशिष्ठीचं रुंद पात्र. जंगलजेटीने धोपावे, पुढे गुहागर. नववा दिवस वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, आणि तवसाळहून चौथी जंगलजेटी जयगडला. हा दिवस चढांच्या दृष्टीने सर्वांत कठीण आहे. दमलात तर हेदवीलाच राहा, कुणी हाकलत नाही. दहाव्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर, गणपतीपुळे, आणि आरे-वारेचा समुद्राला खेटून जाणारा रस्ता धरून रत्नागिरी.

वेळ कमी असेल तर पहिले पाच दिवस एका फेरीत करा आणि उरलेले पुढच्या वर्षी. उत्तरार्धासाठी कोकण रेल्वेने खेडला उतरून दापोली गाठता येते, किंवा चिपळूणला उतरून गुहागर.

रेवस ते रेडी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांची कामं हाती घेतलेली आहेत. निघण्याआधी कुठली जेटी चालू आहे आणि शेवटची बोट किती वाजता आहे हे फोन करून विचारा, आणि तिथे गेल्यावर टपरीवर पुन्हा विचारा. दुपारी तीनच्या आत जेटी ओलांडायची असा नेम ठेवला तर पलीकडचा चढ उजेडात होतो.

वाट विचारणं

फोनमधला नकाशा हवाच, पण तो इथे दोन ठिकाणी फसवतो. एक, पाखाडीला तो रस्ता समजतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची गावातली वाट, तिथून लादलेली सायकल खांद्यावर घेऊन उतरावी लागते. दोन, चढ किती हे तो नीट सांगत नाही.

म्हणून माणसांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. 'किती लांब आहे?' याचं उत्तर 'हे काय, इथेच' असं येतं. 'मध्ये घाटी किती?', म्हणजे चढ किती, असं विचारा. हा प्रश्न प्रत्येकाला कळतो आणि उत्तर खरं मिळतं: 'एक मोठी, दोन बारक्या'. सर्वांत पक्की माहिती शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलांकडून मिळते. कुठे उतरून ढकलावी लागते हे त्यांना झाडासकट माहीत असतं.

आणि फाट्याचं गणित लक्षात ठेवा. मुख्य रस्ता सड्यावरून जातो, गाव तिथून दोन-तीन किलोमीटर खाली. खाली उतरलात की तेवढंच वर यायचं आहे. दुपारच्या जेवणासाठी फाट्यावरच्या टपरीवर थांबा, गावात संध्याकाळी उतरा. मग चढ दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या पायांनी आणि थंडाव्यात होतो.

खाणं-पाणी

पहाटे सहाला निघायचं, अकरापर्यंत दिवसाचं मुख्य अंतर संपवायचं, बारा ते साडेतीन सावलीत. सकाळी पोहे किंवा घावणे मिळाले तर घावणे. दुपारी भाकरी, कुळथाचं पिठलं किंवा माशाचं कालवण, पण भरपेट नको. गावात जेवण आयतं मिळत नाही, आधी सांगावं लागतं. सकाळी निघताना पुढच्या गावात फोन करून 'दोन माणसांचं जेवण, एक वाजता' असं सांगून ठेवा.

पाण्यासाठी बाटल्या विकत घेत बसू नका, घरी मागा. नुसतं पाणी क्वचितच येतं, सोबत गुळाचा खडा किंवा कोकम सरबत असतं. घामाने मीठ जातं तेव्हा सरबतात चिमूटभर मीठ जास्तच घाला.

मुक्काम

'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या जवळपास प्रत्येक किनारी गावात आहेत. त्यातही समुद्राला लागून असलेली नवी बांधकामं सोडून गावातल्या आळीतली घरं पाहा. सायकल पडवीत आत घेता येईल का, हे भाव विचारण्याआधी विचारा. भावात घासाघीस करू नका. चार माणसांसाठी नारळ खोवून, माशाचं कालवण करून वाढणाऱ्या घराला त्याचे पूर्ण पैसे मिळालेच पाहिजेत.

पाटी नसलेल्या गावात अंधार पडला तर पोलीस पाटील किंवा शाळेतले गुरुजी यांना गाठा. देवळाच्या सभामंडपात झोपायचं असेल तर गुरवांना विचारल्याशिवाय पथारी टाकू नका, काही देवळांत रात्री थांबत नाहीत. आगरात तंबू लावायचा तर मालकाची परवानगी घ्या आणि नारळाच्या झाडाखाली लावू नका. पडणारा नारळ आणि झावळी दोन्ही जीवघेणी असतात.

एखाद्या घरी पैसे घेतलेच नाहीत तर निघताना त्यांच्याकडचं आगळ, आमसुलं किंवा कुळथाचं पीठ विकत मागा. त्याचे पैसे घेतले जातात.

गावात सायकल कशी चालवायची

वाडीत शिरताना वेग माणसाच्या चालीचा ठेवा. रस्ता म्हणजेच अंगण असतं, कोंबड्या, पोरं, वाळत घातलेली मासळी, सगळं त्यावर. कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा, बहुतेक गप्प होतात. विहिरीवर बायका असतील तर कॅमेरा बाहेर काढू नका. अरुंद वळणावर एसटी समोरून आली की बाजूला पाय टेकवून थांबा. चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकसाठीही तेच. सूर्यास्तानंतर सड्यावर राहू नका, तिथे दिवे नसतात आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात.

बिघाड

गावातल्या सायकल दुकानात काय मिळतं हे आधी समजून घ्या. पंक्चर काढायचं सोल्यूशन, पॅच, ब्रेकची वायर, छर्रे, ग्रीस मिळेल. तुमच्या मापाची ट्यूब, गिअरची वायर आणि बारीक सुईसारखा व्हॉल्व्ह असलेली कुठलीही वस्तू मिळणार नाही. म्हणून दोन ट्यूब, मागच्या चाकाच्या मापाचे तीन आरे, गिअरची एक वायर, चेनची जोडकडी, पाना आणि छोटा पंप बरोबर हवाच.

माझा पंप एकदा सड्यावर निकामी झाला. ढकलत खाली गावात आलो. पिंपळाखाली एक दुकान होतं, एका खांबावर पत्रा आणि घमेल्यात पाणी. काकांनी ट्यूब काढली, पाण्यात बुडवून बोटाबोटाने फिरवली, बुडबुडा आला तिथे काडीने खूण केली, घासून पॅच बसवला. हवा भरायला गेले तर त्यांच्या पंपाचं तोंड माझ्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. क्षणभर व्हॉल्व्हकडे पाहिलं, त्यावरचं प्लॅस्टिकचं टोपण उचललं आणि ब्लेडने त्याचं टोक कापलं. व्हॉल्व्हची छोटी चकती ढिली केली, टोपण उलटं करून त्यावर फिरवलं आणि त्यावर पंप लावला. हवा भरली गेली. तेव्हापासून कापलेलं एक टोपण मी हत्यारांच्या पिशवीत ठेवतो. दुकानात दहा-वीस रुपयांचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो दोन घ्या, एक हरवतोच.

दुसरा शत्रू मीठ. ओल्या पुळणीवर सायकल चालवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि वाळू घट्ट असेल तर ती पळतेही छान. पण खारं पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की दुसऱ्या सकाळी चेन तांबडी झालेली असते आणि चढावर करकरते. मी पुळणीवर सायकल नेत नाही, हातात धरून चालतो. तरीही खाऱ्या हवेत रोज रात्री हे करा: चेन, चक्र्या आणि ब्रेक गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, कोरडं फडकं फिरवा, चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडा आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

मोठ्या उतारांवर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. खाली पोचल्यावर रिम हाताला चटका देईल इतकी तापली असेल तर पाच मिनिटं थांबा.

परतीचा प्रवास

रत्नागिरीहून रेल्वेने परत येणं सर्वांत सोपं. स्टेशन शहरात नाही, बाहेर कुवारबावकडे आहे आणि तिथे जाताना चढ लागतो, वेळेत तोही धरा. सायकल सामानाच्या डब्यातून येते. गाडीच्या किमान दोन तास आधी पार्सल कचेरीत जा, तिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा. पेडल काढा, हँडल फिरवून आडवं करा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा, पिशव्या, दिवे, बाटल्या सगळं उतरवून स्वतःजवळ घ्या. नाव, फोन नंबर आणि उतरायचं स्टेशन मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या सायकलला घट्ट बांधा, एक सुटली तर दुसरी राहते. पावती हातात आल्याशिवाय फलाटावर जाऊ नका. आणि ज्या गाडीचा थांबा तुमच्या स्टेशनवर दोनच मिनिटांचा आहे ती टाळा, तेवढ्यात सामानाच्या डब्यातून सायकल उतरवून घेणं होत नाही.